बघून झालेली साडी

संपादकांचा फोन आला तेव्हा मी भाचीने शिवलेल्या एका ब्लाऊजची बाही उसवत बसले होते. ते म्हणाले, "ताई, दिवाळी अंकासाठी तुमच्या व्यवसायातले अनुभव लिहा." मी म्हटलं, मी जन्मभर ब्लाऊज शिवले, त्यात अनुभव कसला? ब्लाऊज बसलं की बाई गुपचूप घरी जाते. नाही बसलं की मग अनुभव येतो, आणि तो छापण्यासारखा नसतो. ते हसले आणि म्हणाले, जमेल तेवढं लिहा.

अमरावतीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत एका जिन्याखाली माझं दुकान होतं. दुकान म्हणजे मशीन, स्टूल, आरसा आणि गिऱ्हाइकाला उभं राहण्यापुरती जागा. अंगानं भरलेली बाई माप द्यायला आली की मी बाहेर उभी राहून आत हात घालायची. पाटी लावलेली नव्हती. जिना कुठे आहे हे सगळ्यांना माहीत होतं. गेल्या वर्षी सुईचं नेढं दिसेनासं झालं, तेव्हा मशीन भाचीला दिली आणि उसवायचं काम तेवढं स्वतःकडे ठेवलं.

आमच्या धंद्यात शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात. नवं ब्लाऊज शिवताना दोन्ही कुशींना बोटभर माया सोडायची. बाई बाळंतपणानंतर भरली की शिवण उसवून ती बाहेर काढायची, उतारवयात वाळली की पुन्हा आत घ्यायची. माझी निम्मी कमाई याच कामाची. वलगावहून मेथी-पालक घेऊन येणाऱ्या बायका एकाच ब्लाऊजवर लेकीचं लग्न आणि नातवाचं बारसं दोन्ही निभावून न्यायच्या. असं ब्लाऊज पुन्हा हातात आलं की मी आधी त्याची विचारपूस करायची आणि मग बाईची.

मग घरोघरी फोन आले. माझ्या धंद्यावर त्याचा काय परिणाम होणार, असं मला वाटलं होतं. एक दिवस धुणीभांडी करणारी एक बाई आली आणि चांगलं धडधाकट ब्लाऊज माझ्यापुढे टाकून म्हणाली, "ताई, याचा गळा बदलून द्या, बाह्या बदलून द्या, ओयखू नाई आलं पाह्यजे."

"काहून? तंग होते काय?"

"नाई व. स्टेटसवर गेलं थे."

मी ब्लाऊज उजेडात धरून उलटसुलट पाहिलं. मला वाटलं कसला तरी डाग पडला असेल. डाग नव्हता. ते फाटलं नव्हतं, विटलं नव्हतं, आखूडही झालं नव्हतं. लोकांनी ते पाहिलं होतं, एवढंच त्याचं झालं होतं. कोणी कोणी पाहिलं त्यांची नावं तिला पाठ होती आणि त्यात नणंदेचं नाव होतं, म्हणजे बोलणंच खुंटलं. मी गळा बदलून दिला.

त्यानंतर असल्या गोष्टींची मला सवय झाली. एकीने सांगितलं, "काकू, समोरून भारी करा, मागचं साधंच राहू द्या. फोटोत मागचं येत नाही." मी तिला समोरून राणी आणि मागून मोलकरीण करून पाठवलं आणि ती खूश झाली. लग्नाच्या हळदीत सगळ्यांनी पिवळंच नेसायचं अशी टूम निघाली, तेव्हा नवरदेवाची एक मावशी हिरवं लुगडं नेसून गेली. हिरवं हे हळदीला चांगलंच, असा तिचा जुना समज. तिला प्रत्येक फोटोत कोणाच्या तरी मागे उभं केलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली, "पोरी, याले पिवयं करता येते काय?" म्हणून. लग्न झालं होतं. मी म्हटलं, "आता पिवयं करून काय करता?" म्हणाली, "दुसऱ्या भाच्याची हाय ना उन्हायात."

एक नवी ब्यूटी पार्लरवाली तर तीन ब्लाऊज शिवून घेऊन मजुरीच्या वेळी म्हणाली, "काकू, मी तुम्हाला मेन्शन करीन." ही कुठल्या बँकेची नोट आहे ते मला कळेना. मी चहावाल्याला म्हटलं, आजचा चहा मेन्शनवर दे. त्याने अर्धा प्यालेला कप उचलून नेला.

हसण्यावारी नेते आहे, पण या बायका उधळ्या नव्हत्या हे सांगायला हवं. पालकाची पिवळी पानं निवडून गाईला नेणाऱ्या बायका त्या. पूर्वी घरात तेल संपलं तर शेजारून वाटीभर आणता यायचं. आता नेट संपलं की पोरगी शेजारणीच्या भिंतीला टेकून उभी राहायची, हॉटस्पॉट उसना मागत. काही घरांत तीन फोन आणि एक चूल होती. चूल एक वेळ गार चालायची. एका रिचार्जमध्ये मेथीच्या किती जुड्या बसतात ते माझ्या जिन्यासमोरच्या भाजीवाल्या मंदाला विचारा, मी तिचा हिशेब इथे मांडत नाही.

आता मंदाचंच सांगते. मंदा वलगावची. घरचं थोडं वावर, त्यात पालक, मेथी, कोथिंबीर, कडेनं झेंडू. ती आणि तिची सासू, जिला सगळा बाजार आजी म्हणतो, माझ्या जिन्यासमोरच भाजी लावून बसायच्या. मंदा जुड्या बांधायची आणि आजी ओरडायची. आजीचा आवाज असा होता की पलीकडच्या गल्लीतली बाई न बघता मेथी घ्यायला वळायची. नवरा वावरात. मुलगी पायल कॉलेजात, पण मन लावून फोनमध्ये.

या घरी महालक्ष्म्या बसतात. आमच्या वऱ्हाडात भाद्रपदात गणपतीच्या दिवसांत ज्येष्ठा आणि कनिष्ठा येतात, तीन दिवस राहतात. पत्र्याच्या कोठ्यांवर मुखवटे बसवायचे, नव्या साड्या नेसवायच्या, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, आंबील आणि सोळा भाज्यांचं जेवण. तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या की त्यांच्या अंगावरच्या साड्या घरच्या बायकांनी नेसायच्या. श्रीमंताघरी याला प्रसाद म्हणतात. मंदाच्या घरीही प्रसादच म्हणत, पण तोच वर्षाचा कपडाही होता. एक साडी आजीची, एक मंदाची. वर्षभर दुसरी घ्यायची नाही. म्हणून त्या साड्या घ्यायला दोघी देवाच्या नावाने जायच्या, पण पोत स्वतःच्या बोटांनी बघायच्या. आकाशातली लक्ष्मी काय नेसेल यापेक्षा बाजारात बसल्यावर कितपत टिकेल, हे त्यांना ठरवायचं असे.

त्या वर्षी आजीने जांभळी सुती साडी निवडली, बारीक हिरव्या काठाची. तिची जुनी साडी मांडीपाशी फाटली होती. बसताना ती फाटका भाग आत दुमडून बसायची आणि उठताना पदर सोडून झाकायची. आणखी एक कारण होतं. अकोल्याला तिची धाकटी बहीण असते, तिच्या नातवाचं बारसं दसऱ्यानंतर होतं. बऱ्याच वर्षांनी बहिणीकडे जायचं होतं. साडी घेतल्याच्या दिवशी तिने मला ती दाखवली, काठावर माझं बोट फिरवायला लावलं आणि म्हणाली, "हे नेसून जाईन मी अकोल्याले. महालक्ष्मीची साडी म्हनून सांगन."

दोन दिवसांनी पायल त्याच दोन साड्या पिशवीत घालून माझ्याकडे आली. हातात फोन. फोनमध्ये एक रील. रीलमध्ये कुठल्या तरी शहरातल्या महालक्ष्म्या, घागऱ्यासारखा घेर, कमरेला पट्टा, पंख्यासारखा उघडलेला पदर.

"काकू, असं शिवायचं. साडी कापायची, निऱ्या पट्ट्याला शिवून टाकायच्या, पदर वेगळा करायचा. हुक लावला की झालं."

"आन् मंग आजी काय नेसन? पदर वेगया आन् निऱ्या वेगया?"

ती गोंधळली. या प्रश्नावर रील नव्हतं. मग म्हणाली, "आजीला सांगू नका हं, सरप्राइज आहे."

"बरं, पुढच्या वर्षी हेच घालशील ना महालक्ष्म्यांले?"

"पुढच्या वर्षी नवीन, काकू. रिपीट चालत नाही."

मी मंदाला गाठलं. तिला सगळं ठाऊक होतं. जुडी बांधता बांधता मान खाली घालून म्हणाली, "ताई, माह्या हातात काय हाय? परतवाड्याच्या जावेच्या महालक्ष्म्या पाह्यल्या काय तुमी मागच्या साली? सगया खानदानानं पाह्यल्या. आमच्या फोटोखाली तिनं लिवलं, 'साध्याच हाय, पन छान.' पोट्टी रडली. मले बी लागलं थे." मग म्हणाली, "मी काढीन वर्ष जुन्यावर. आजीचं तेवढं पाहा काही."

मला दोघींचाही राग आला आणि दोघींचीही दया आली. पायल वाईट पोरगी नव्हती. त्या घरात गरिबी पहिल्यापासून होती. ती दिसू न देण्याचा खर्च मात्र नवा होता आणि तो कोणाच्या तरी अंगावरून काढावा लागत होता. या वेळी तो आजीच्या अंगावरून निघत होता.

मी पिशवी ठेवून घेतली आणि कात्रीला हात लावला नाही. कापडाला तात्पुरतं धरून ठेवायला आम्ही कच्चा टाका घालतो. लांब लांब, सैल, एका टोकाला ओढलं की सगळा दोरा निघून येतो. त्या टाक्यावर मी दोन्ही साड्या अख्ख्याच बसवल्या. निऱ्या घातल्या, पट्ट्यावर टाचल्या, पदराचा पंखा केला आणि उरलेलं सगळं कापड घडी घालून आत कोंबलं. जे काम कात्रीने एका दुपारी झालं असतं त्याला बऱ्याच दुपारी गेल्या. फक्त आतल्या घड्यांमुळे देवी जरा बाळसेदार झाल्या. पुढे रीलखाली कोणीतरी लिहिलंही, "महालक्ष्मी हेल्दी आहेत यंदा."

जेवणाच्या दिवशी मी वलगावला गेले. घरात शिरताच डोळे दिपले. महालक्ष्म्यांपुढे समई होती आणि समईपुढे गोल दिव्याचा स्टँड होता, शेजारच्या मुलाकडून भाड्याने आणलेला. समई कुठे आहे ते शोधावं लागत होतं. आरती झाली. पायल म्हणाली, मामा मध्येच खोकले, पुन्हा करू. पुन्हा झाली. तेवढ्यात लाइट गेली. तिसऱ्यांदा झाली. सोळा भाज्या ताटात वाढून गार होत होत्या, कारण ताटाचंही रील काढायचं होतं आणि वाफेने काच धूसर होत होती. जेवायला आलेली सवाष्ण हळूच म्हणाली, "देवीले त निवद दाखवला, आता कोनाले दाखवून राहिले?" आजी भिंतीला टेकून बसली होती. तिने आंबिलीची वाटी तोंडाला लावली, तशी पायल ओरडली, "आजी, थांब ना!" आजीने वाटी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या. मी मुद्दाम थांबले होते. साड्या उतरवल्या, पायलसमोर धरल्या आणि टोकाचा दोरा ओढला. सर्रकन सगळे टाके निघाले आणि जांभळी साडी अखंड सहावार माझ्या हातात आली. पायलने ती टोकापासून टोकापर्यंत तपासली. आधी म्हणाली, "काकू, तुम्ही फसवलं मला." मग आजी ती साडी नेसून बाहेर आली. शेजारच्या बायकांनी रीतीप्रमाणे पदराला हात लावून डोळ्यांना लावला. आजी अशी काही उभी राहिली की मला वाटलं, माझ्या सगळ्या दुपारी वसूल झाल्या. पायलचेही डोळे भरले. तिने आजीला मिठी मारली, तिचा फोटो काढला आणि प्रेमाने, अगदी मनापासून, तिथल्या तिथे टाकून दिला.

फोटोखाली खूप बदाम आले. त्यांच्यामध्ये परतवाड्याच्या जावेने लिहिलं, "आजी, साडी रिपीट!" आणि पुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली पिवळी तोंडं. मग एकेकाने तेच लिहिलं. अकोल्यापर्यंत ते गेलं. वलगावहून अकोल्याला जायचं तर एसटी बदलावी लागते. साडी आजीच्या आधी पोचली.

बारशाला जाऊन आल्यावर मंदाने मला सांगितलं. अकोल्याच्या घरीही काही सोन्याचा धूर निघत नव्हता. बहिणीचा मुलगा ऑटो चालवतो. पण मुलगा झाला म्हणून सगळ्यांनी आकाशी नेसायचं ठरलं होतं. घरच्या बायकांना आकाशी साड्या, आत्याला आकाशी, पाळण्याला आकाशी झालर. आजीला कोणी कळवलं नव्हतं. कळवलं असतं तरी तिने काय केलं असतं? ती दारात पोचली, तशी बहिणीची सून हसत म्हणाली, "मावशी, ही तर महालक्ष्मीची ना? पाहिली आम्ही रीलमध्ये!" सगळे हसले. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. मग फोटोच्या वेळी तिला म्हणाले, मावशी, तुमचे पाय दुखत असतील, तुम्ही इकडे बसा. आणि तिला पाण्याच्या जारपाशी खुर्ची दिली. बहीण आकाशी साडीत बाळाला घेऊन मधोमध उभी होती. फोटो पुष्कळ निघाले, खुर्ची एकातही आली नाही. आजीने कधी नव्हे ते कोणाला हाक मारली नाही, असं मंदा म्हणाली.

दोन दिवसांनी आजी माझ्या जिन्याखाली आली. अंगावर जुनी फाटकी साडी, हातात धुऊन घडी घातलेली जांभळी.

"सुशीला, कात्री काढ."

"काहून आजी?"

"सगयायनं पाह्यली म्हन्ते हे साडी. एकटं थे लेकरूच रायलं. त्यानं तेवढी नाई पाह्यली. त्याचं दुपटं शिव."

मी चिडले. म्हटलं, "लोक हासले म्हनून काय साडी कापायची? नेसा ना मस्त. मी कात्रीतून वाचवली हिले, मले किती दिवस लागले तुमाले मालूम हाय?"

"मालूम हाय. मंदानं सांगतलं." मग ती माझ्या स्टुलावर बसली. दुकानात गिऱ्हाइकाने बसायची जागाच नाही, त्यामुळे मी उभी राहिले. "नेसली का मले हासनं आयकू येते व. ज्यानं हासलं थो घरी गेला, आयकू मात्र मलेच येते."

"आन् वर्षभर काय नेसान?"

"हे हाय ना," म्हणून तिने फाटका भाग आत दुमडला.

मी माझी एक साडी देते म्हटलं. ती पटकन म्हणाली, "तुई? थे त रोज पाहून राहिली मी." आणि हसली. त्या दिवसातलं तिचं तेवढंच हसू.

तिने साडी माझ्यासमोर पसरली. मी आयुष्यात कापडाला कात्री लावताना कधी देवाचं नाव घेतलं नाही, त्या दिवशी घेतलं. आजी शेवटपर्यंत बसून होती. दोन पदरी दुपटं केलं, आत तिच्याच जुन्या मऊ पातळाचं कापड घातलं, चारही बाजूंनी हिरवा काठ फिरवला. कोपरे जुळवताना मला दिसेनासं झालं. डोळ्यांचा दोष तेव्हापासूनचाच असावा, असं मी भाचीला सांगते. मजुरी घेतली नाही म्हणून आजी माझ्या मशीनवर पालकाच्या दोन जुड्या ठेवून गेली.

दुपटं अकोल्याला पोचलं. काही दिवसांनी दुपारच्या वेळी पायल धावत माझ्याकडे आली, मग समोर आजीकडे. बहिणीच्या सुनेने बाळाचा फोटो टाकला होता. बाळ जांभळ्या दुपट्यावर झोपलेलं. खाली लिहिलं होतं, "जुन्या साडीचं, हाताने शिवलेलं. अशी माया आता कुठे मिळते?" बदामांचा पाऊस पडला होता. परतवाड्याच्या जावेने विचारलं होतं, कुठे मिळालं, मलाही हवंय. कोणाच्या साडीचं ते कोणी विचारलं नव्हतं आणि कोणी सांगितलंही नव्हतं.

"आजी, पाह्य ना, किती जनायनं पाह्यलं!" पायल म्हणाली. घरच्या बोलीत बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

आजीने फोन हातात घेतला, डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. बाळाकडे पाहिलं. मग बोटाने काचेवरच काठाची शिवण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासली. बोट लागल्यामुळे फोटो सरकून गेला आणि दुसऱ्याच कोणाचा तरी वाढदिवस समोर आला.

"काठ सरका लावला व सुशीला तुनं, कुठंच वाकडा नाई," तिने समोरून मला सांगितलं आणि फोन परत केला. मग फाटका भाग मांडीखाली नीट दुमडून घेतला, पालकाची जुडी उचलली आणि बारशाहून आल्यापासून पहिल्यांदाच अशी ओरडली की पलीकडच्या गल्लीतली एक बाई न बघताच वळली.